माल्टाचे तट आणि कांचनचे रान

आमच्या दिंडोरी तालुक्याच्या पोटात दोन-तीन माल्टा सहज मावतील. लेकीच्या घराच्या गच्चीवर उभा राहून मी हे म्हणालो तेव्हा जावईबापू नुसते हसले. पण हिशेब खरा आहे. भूमध्य समुद्रातल्या या साऱ्या राष्ट्राचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. एवढ्याशा खडकावर पाहण्यासारखे ते काय असणार, अशा समजुतीने मी गेलो होतो. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला. तेव्हा अंगी थोडा ताठा होताच.

पहिला धक्का दिला तो भाषेने. तिथल्या जुन्या राजधानीचे नाव म्दिना. कानाला सरळ मदिनाच. जगाला हे लोक 'दिन्या' म्हणतात आणि पुस्तकाला 'क्तीब'. आपली दुनिया आणि किताब! अरबांनी हे बेट ८७० साली घेतले. पुढे त्यांचे राज्य गेले, लोक कट्टर कॅथलिक झाले, लिपी रोमन आली. पण बोली राहिली, आणि आजही चर्चमधली प्रार्थना 'अल्ला' म्हणूनच देवाला हाक मारते. आपल्याकडे राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या महाराजांची मला तिथे फार आठवण झाली. राज्य बदलले तरी शब्द सहजासहजी घर सोडीत नाहीत.

वॅलेटा शहर म्हणजे मात्र एक अखंड किल्लाच. १५६५ च्या मे महिन्यात तुर्कांचे प्रचंड आरमार या बेटावर चालून आले. सेंट जॉनच्या पंथाचे सरदार होते पाच-सहाशे; बाकी लढणारे बेटावरचे शेतकरी, कोळी आणि भाडोत्री शिपाई. बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मो हा लहानसा किल्ला महिनाभर झुंजला आणि २३ जूनला पडला. पण त्या महिन्यात तुर्कांची इतकी माणसे खर्ची पडली की सप्टेंबरात त्यांना वेढा उठवावा लागला. ८ सप्टेंबर हा तिथे अजून सुटीचा दिवस आहे. लढाई सरल्यावर पुढच्याच वर्षी पंथाचा प्रमुख ला व्हालेत याने नव्या शहराचा पाया घातला, आणि शहराला त्याचेच नाव पडले. त्याच १५६५ च्या जानेवारीत आपल्याकडे तालिकोटच्या रणात विजयनगर बुडाले होते, हे नातवाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला सगळीकडे आपलंच कसं दिसतं?"

त्याचे उत्तर सेंट जॉनच्या चर्चमध्ये मिळाले. तिथली सगळी जमीन म्हणजे संगमरवरी थडगी. सुमारे चारशे सरदारांची नावे, कुळे, चिन्हे रंगीत दगडांत जडवलेली. पाऊल ठेवायला जीव धजत नाही. कॅराव्हाजोचे भव्य चित्र याच चर्चमध्ये आहे, पण आमचे चिरंजीव खाली वाकून नावेच वाचीत होते. वाचता वाचता त्याने विचारले, "आपल्या दिंडोरीच्या लढाईत कोण कोण होतं? तुम्ही मुलांना ती जागा दाखवायला न्यायचा का?"

वाचकहो, न्यायचो नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकलेली, परीक्षेत दोन गुणांना; मीही तेवढीच शिकवली.

त्या बेटावर आपली माणसेही उतरून गेली आहेत. १८७८ मध्ये रशियाला धाक घालण्यासाठी डिझरायलीने सुमारे सात हजार हिंदी शिपाई सुएझमार्गे माल्टात आणवले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. त्यांतले काही पुढे सायप्रसला रवाना झाले. मी त्यांची नावे शोधीत हिंडलो. मला दिसली नाहीत.

परत आल्यावर पुस्तके काढली. ऑक्टोबर १६७० च्या आरंभी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि बागलाणातून ते परत निघाले. वाट अडवायला दाऊदखान कुरेशी चांदवडला आला. १७ ऑक्टोबरला लढाई झाली. नाव पडले वणी-दिंडोरीचे, पण मोगली फौज आली ती कांचन-मांचनच्या घाटाकडे. आघाडीचा इखलासखान उजाडता उजाडता एका टेकाडावर चढला, तो समोरचे रान मराठ्यांनी भरलेले! मागची फौज येण्याची वाट न पाहता तो तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. हे सांगणारा भीमसेन सक्सेना मोगलांच्याच फौजेत होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. गडाच्या आडोशाने लढणारे म्हणून मोगल ज्यांना हिणवीत, ते त्या दिवशी उघड्या रानात उभे राहिले, आणि सुरतेची लूट सुखरूप घरी पोचली. माल्टात तटांनी माणसे राखली. इथे तट नव्हताच. पाठीमागची वाट राखायला माणसेच उभी राहिली.

दिवाळीच्या सुटीत लेक माहेरी आली तेव्हा नातवाला घेऊन मी वणीवरून कांचनच्या बाजूला गेलो. द्राक्षबागांची गोडी छाटणी चाललेली; बांधावर काड्यांचे ढीग. हाताला पेस्टचा रंग लागलेला एक शेतकरी पुढे आला. मी विचारले, "दादा, इखलासखान चढला ते टेकाड कोणतं असावं?"

त्याने डोंगराच्या रांगेकडे पाहिले. "गुरुजी, टेकाडं तर चार-पाच हायेत. दुपारी सगळी सारखीच दिसत्यात. उजाडताना या, मंग कळंल कुठून किती रान दिसतं ते. उद्याच या की."

"उद्या पहिली अंघोळ," नातू पटकन म्हणाला. "आजी सोडणार नाही."

"मंग पाडव्याला या," तो म्हणाला आणि परत बागेत शिरला.