कोळसा, रुपे आणि रंगीत पाणी

कोळसा उगाळावा तितका काळाच, अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणीने कोळशाच्या माथी जो अपलौकिक मारला, तो रसायनशास्त्राच्या इतिहासाने मात्र पार पुसून टाकला आहे. दोन शतकांहून अधिक काळ मळकट द्रव निर्मळ करण्याचे काम माणूस या काळ्या पदार्थाकडूनच करवून घेत आला आहे. रंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी आज त्याच कोळशावर रुप्याचे अतिसूक्ष्म कण बसविण्याचे प्रयोग होत आहेत. या प्रयोगांचे मोल कळावयाचे असेल, तर त्यांच्या मागचा इतिहास पाहिला पाहिजे. आणि पाणी स्वच्छ झाले म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

कोळसा वायू शोषून घेतो, हे शेले आणि फोंताना या शास्त्रज्ञांनी १७७० नंतरच्या दशकात दाखविले होते. तो रंगही शोषतो, हे टोबियस लोविट्झ याला १७८५ साली आढळले. सेंट पीटर्सबर्गच्या राजकीय औषधालयात तो टार्टारिक आम्लाचे स्फटिक करीत असे. द्रावण आटविताना तपकिरी होई, पण कोळशाची पूड घालून गाळले की ते निवळ निघे. सागरी प्रवासात गलबतावरचे पिण्याचे पाणी कुजू नये म्हणून कोळसा वापरावा, असेही त्याने सुचविले.

या शोधाचा सर्वांत मोठा फायदा घेतला तो साखरेच्या धंद्याने. वनस्पतींच्या कोळशापेक्षा हाडांचा कोळसा रंग अधिक चांगला काढतो, असे १८११ साली फ्रान्समध्ये फिगिए याने दाखविले, आणि युरोपातील साखर पांढरीशुभ्र झाली. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखरेवर जो बहिष्कार पडला, त्याचे एक कारण हा हाडांचा कोळसाच होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गिऱ्हाइकाला साखर पांढरी हवी होती, म्हणून कोळसा आला. त्याची पहिली मोठी नोकरी डोळ्यांच्या समाधानासाठी होती.

कोळसा हे काम करतो कसे? तो रंग जाळीत नाही, मोडीत नाही. आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, इतकेच. या क्रियेला १८८१ साली कायझर याने वेगळे नाव दिले. मराठीत आपण तिला अधिशोषण म्हणतो. १९०० च्या सुमारास ओस्ट्रेय्को याने वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड वापरून कोळशाला अगणित छिद्रे पाडण्याच्या रीतींची पेटंटे घेतली. १९१५ साली युद्धात विषारी वायू सुटले, तेव्हा रशियात झेलिन्स्की याने असा क्रियाशील कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. चांगल्या क्रियाशील कोळशाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या मापाने सांगावयाचे, तर चिमूटभर पुडीत दहा गुंठे जमीन!

आता रंगाकडे वळू. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या पर्किनने क्विनाइन करावयास जाऊन जांभळा कृत्रिम रंग मिळविला. त्यानंतर जे रंग निघाले, त्यांची परीक्षा एकच होती: ते उन्हाने उडू नयेत, साबणाने जाऊ नयेत. जो रंग ऊन आणि साबण यांना दाद देत नाही, तो नदीतल्या जीवाणूंना तरी कसा दाद देणार? बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, सुताशी रासायनिक बंध जुळविणारे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग बाजारात आले. ते पक्के खरे. पण रंग सुतावर चढावा म्हणून त्यांच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते, आणि चढवूनही काही रंग पाण्यातच उरतो.

या मिठाची कथा तमिळनाडूतील तिरुप्पूरने भोगली आहे. तेथील रंगशाळांचे पाणी नोय्यल नदीत जाई. खाली शेतीसाठी १९९२ साली बांधलेले ओरत्तुपाळयम धरण या सांडपाण्याचे तळे होऊन बसले, आणि धरणाचे पाणी नको असे म्हणण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगशाळा बंद करावयास लावल्या. क्षार वेगळे काढून पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभारल्यावरच त्या हळूहळू सुरू झाल्या. कोळसा रंग धरतो, विरघळलेले मीठ मात्र धरीत नाही. पाणी आरशासारखे निवळले, तरी पीक जळते ते जळतेच.

मग रुपे काय करते? अगदी अल्प रुपेही सूक्ष्म जीवांना मारते, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली याच्या १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखविले. कोळशाच्या गाळणीत जंतू घर करतात, म्हणून पुढे तीत रुपे घालू लागले. २००९ साली आपल्या देशात भाताच्या तुसाच्या राखेवर रुप्याचे अतिसूक्ष्म कण बसविलेली घरगुती गाळणी बाजारात आली. रंगाच्या पाण्यात या कणांचे काम निराळे आहे. सोडियम बोरोहायड्राइडसारखे द्रव्य पाण्यात घातले, की त्याच्याकडील इलेक्ट्रॉन रंगाच्या रेणूपर्यंत पोचविण्याची मध्यस्थी रुपे करते. कोळसा रंग गोळा करतो आणि रुप्याच्या साहाय्याने तो मोडतो. प्रयोगशाळेत गडद निळे पाणी काही मिनिटांत रंगहीन होते.

दृश्य मोठे मोहक आहे. पण दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. अ‍ॅझो जातीचा रंग या रीतीने मोडला, की त्यातून अ‍ॅरोमॅटिक अमाइने निघतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांपैकी काही कर्करोग उत्पन्न करणारी आहेत. रुप्याचे कण सुटून पाण्यात उतरले, तर नदीतल्या उपकारक जीवांनाही ते सोडणार नाहीत. आणि भरलेला कोळसा पुन्हा तापवून शुद्ध केला नाही, तर नदीचे विष उकिरड्यावर गेले, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून ही विद्या टाकाऊ ठरत नाही. कोळसा आणि रुपे दोन्ही गुणी आहेत. मात्र दोघांनाही आपापली मर्यादा आहे. इचलकरंजी, सोलापूर यांसारखी आपली वस्त्रनगरे याच प्रश्नापुढे उभी आहेत. तेथे शुद्धीकरणाची नवी योजना कोणी मांडली, तर नागरिकांनी काचेच्या पेल्यातले निवळ पाणी पाहून टाळ्या वाजवू नयेत. रंग मोडून त्याचे काय झाले, मीठ कोठे गेले आणि वापरलेला कोळसा कोठे टाकणार, हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. साखरेच्या बाबतीत डोळ्यांचा कौल पुरेसा होता. नदीच्या बाबतीत तो पुरेसा नाही.