ध्वनिफितीतून पुस्तकात : एनएलपीच्या तंत्रांचा प्रवास

न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजेच एनएलपी, या भाषा आणि मनातल्या चित्रांच्या आधारे माणसात बदल घडवू पाहणाऱ्या तंत्रांचा उगम कॅलिफोर्नियातील सांताक्रूझचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस रिचर्ड बॅन्डलर तेथील विद्यापीठात शिकत होते. मनोविकारतज्ज्ञ आणि प्रकाशक रॉबर्ट स्पिट्झर यांनी त्यांच्यावर एक काम सोपवले. गेस्टाल्ट उपचारपद्धतीचे प्रणेते फ्रिट्झ पर्ल्स १९७० मध्ये वारले होते. त्यांच्या सत्रांचे चित्रीकरण पाहून आणि ध्वनिमुद्रण ऐकून ते पुस्तकासाठी कागदावर उतरवायचे होते. ते पुस्तक १९७३ मध्ये निघाले. काम संपेपर्यंत बॅन्डलर यांच्या बोलण्यात पर्ल्स यांची ढब इतकी मुरली, की आपल्या तोंडून त्यांना चुकून ‘फ्रिट्झ’ अशी हाक जाई, असे स्पिट्झर यांनी पुढे सांगितले. कुटुंबोपचाराच्या जाणकार व्हर्जिनिया सॅटिर यांच्या शिबिराचे ध्वनिमुद्रणही बॅन्डलर यांच्या हाताखालून गेले. एनएलपीचा पाया असा उतरवून घेण्याच्या कामात आहे. उपचारकाच्या खोलीत आवाजाने, नजरेने आणि वेळ साधून जे घडत होते, त्यातले किती कागदावर येऊ शकते, हा प्रश्न या पद्धतीच्या साऱ्या इतिहासाला पुरला.

बॅन्डलर विद्यापीठात गेस्टाल्टचे गट चालवू लागले आणि भाषाशास्त्राचे तरुण प्राध्यापक जॉन ग्राइंडर यांना त्यांनी ते पाहायला बोलावले. ग्राइंडर हे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी मांडलेल्या व्याकरणाचे अभ्यासक होते. बोललेल्या वाक्यामागे त्याचे अधिक पूर्ण रूप असते, या विचाराच्या आधारे त्यांनी पर्ल्स आणि सॅटिर यांचे प्रश्न तपासले. त्यातून १९७५ मध्ये ‘द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक’चा पहिला खंड आला. त्याला सॅटिर आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांच्या प्रस्तावना होत्या. माणूस अनुभव सांगताना काही गाळतो, काही वाकवतो आणि एका प्रसंगावरून सरसकट निष्कर्ष काढतो. ऐकणाऱ्याने ती जागा हेरून विचारावे, असे या पुस्तकाचे सूत्र. ‘माझं कुणीच ऐकत नाही’ असे कोणी म्हणाले, तर धीर देण्याआधी विचारायचे : कुणीच म्हणजे नेमके कोण? ऐकत नाही हे कशावरून कळते? एकदाही कोणी ऐकले नाही? ‘मला ते जमणार नाही’ यावर : कशामुळे अडते? जमले तर काय होईल? एनएलपीतला हा भाग पुस्तकातून सर्वांत चांगला शिकता येतो, कारण तो मुळातच शब्दांचा आहे. वाचणाऱ्याने तो स्वतःच्या वाक्यांवरही चालवून पाहावा. मात्र समोरच्याशी सूर जुळण्याआधी हेच प्रश्न लागोपाठ टाकले, तर ती उलटतपासणी होते.

बेटसन यांच्यामुळे दोघे ॲरिझोनातील फिनिक्स येथे संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांच्याकडे पोहोचले. त्यांच्या भाषेवरचे दोन खंड १९७५ आणि १९७७ मध्ये आले. एरिक्सन मुद्दाम मोघम बोलत, म्हणजे ऐकणारा मोकळ्या जागा आपल्या अनुभवाने भरी. वाक्यरचना छापता आली. श्वासाच्या लयीबरोबर चालणारा आवाज छापता येणे अवघड होते.

पहिली पुस्तके जड होती. सामान्य वाचकापर्यंत विषय नेला तो १९७९ च्या ‘फ्रॉग्ज इन्टू प्रिन्सेस’ने. युटातील मोआब येथील रिअल पीपल प्रेसचे स्टीव्ह अँड्रियास, तेव्हाचे जॉन स्टीव्हन्स, यांनी कार्यशाळांच्या फितींवरून ते तयार केले. श्रोत्यांचे प्रश्न, मध्येच केलेली प्रात्यक्षिके, जोडीने करायचे सराव हे सारे त्यात राहिले. या पुस्तकाच्या यशात संपादकाचा वाटा मोठा आहे. डोळे वर वळले की माणूस चित्र पाहतो, आडवे गेले की आवाज ऐकतो, हा प्रसिद्ध समज याच पुस्तकाने दूरवर नेला. एखाद्या मनःस्थितीला ठरावीक स्पर्श किंवा खूण जोडण्याचे तंत्रही त्यात होते. पण खूण नेमकी कधी द्यायची, हे समोरच्याचा चेहरा वाचून ठरते. एकट्या वाचकाची इथेच अडचण होई, आणि त्याची पावले कार्यशाळेकडे वळत.

१९८५ च्या ‘युजिंग युवर ब्रेन फॉर अ चेंज’ने ही अडचण बरीच कमी केली, कारण त्यातली तंत्रे डोळे मिटून एकट्याने करण्याजोगी होती. नखे कुरतडण्याची सवय घेतली, तर हात तोंडाकडे येताना दिसतो ते चित्र मोठे आणि ठळक करायचे. त्याच्या कोपऱ्यात सवय सुटलेल्या स्वतःचे लहान, अंधुक चित्र ठेवायचे. मग एका झटक्यात लहान चित्र मोठे व उजळ होऊ द्यायचे आणि पहिले विझवायचे. डोळे उघडून पुन्हा पहिल्यापासून, काही वेळा, दर वेळी अधिक वेगाने. ‘स्विश’ नावाचे हे तंत्र आजही पुस्तकांतून जसेच्या तसे दिले जाते. १९८६ मध्ये टोनी रॉबिन्स यांच्या ‘अनलिमिटेड पॉवर’ने ही तंत्रे यशाच्या साहित्यात नेली, तर १९९० मध्ये जोसेफ ओकॉनर आणि जॉन सीमोर यांनी विषयाची सुबोध ओळख करून दिली.

दरम्यान संस्थापक बॅन्डलर आणि ग्राइंडर वेगळे झाले होते. नावाच्या हक्कावरून १९९६ मध्ये बॅन्डलर कोर्टात गेले; दोघेही सहनिर्माते, अशी तडजोड पुढे झाली. नावावर एकाची मालकी न राहिल्याने पुस्तके आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था वाढल्या. एकच तंत्र प्रत्येकाकडे थोडे वेगळे दिसते ते त्यामुळे.

दाव्यांची तपासणीही पुस्तकांपाठोपाठ सुरू झाली. प्रत्येकाची दृश्य, श्राव्य किंवा स्पर्शाची एक आवडती वाट असते आणि त्याच वाटेचे शब्द वापरले की सूर जुळतो, या मताला क्रिस्टोफर शार्पली यांनी १९८७ मध्ये ४४ अभ्यासांच्या आढाव्यात आधार नसल्याचे दाखवले. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा १९८८ चा अहवालही प्रतिकूल होता. डोळ्यांच्या हालचालीवरून खोटे ओळखता येते, हा पुढे पसरलेला समज २०१२ मध्ये रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत टिकला नाही. त्याच वर्षीच्या एका वैद्यकीय आढाव्यात जेमतेम १० प्रायोगिक अभ्यास निकषांत बसले, आणि एनएलपीने आरोग्य सुधारते असे म्हणण्याइतका पुरावा त्यांतून मिळाला नाही.