बोर्नमथहून वर, आणि वरून ऑक्सफर्डला

11 डिसेंबर 1924 ची रात्र. तुम्ही ऑक्सफर्डमध्ये एका रेडिओ रिसीव्हरशेजारी उभे आहात. बीबीसीचे कार्यक्रम संपलेत, पण सव्वाशे किलोमीटरवरचं बोर्नमथचं प्रक्षेपण केंद्र अजून चालू आहे, फक्त या प्रयोगासाठी. बत्तीस वर्षांचे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ॲपलटन आणि न्यूझीलंडचा त्यांचा विद्यार्थी माइल्स बार्नेट गॅल्व्हानोमीटरवरची नजर काढत नाहीत. बोलू नका, बघा.

बोर्नमथला लहरीची लांबी, सुमारे 400 मीटर, हळूहळू बदलली जाते आहे. इथे सिग्नल चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. म्हणजे तीच लहर दोन वाटांनी येते आहे: एक जमिनीलगत, दुसरी आकाशात जाऊन परत. दोघींचे माथे जुळले की जोर वाढतो, एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर आला की ओसरतो. हे चढउतार मोजून वरच्या वाटेची लांबी काढतात, तिच्यावरून उंची. ती भरते सुमारे 90 किलोमीटर. लहरी परत पाठवणारा थर वर असावा, हा शास्त्रज्ञ केनेली आणि हेविसाइड यांचा 1902 चा तर्क. आज त्याला पुरावा मिळाला.

आता त्या लहरीबरोबर वर चला. इथे हवा अतिविरळ आहे. दिवसा सूर्याच्या किरणांनी रेणूंपासून तोडलेले इलेक्ट्रॉन अजून मोकळे फिरताहेत. लहर येते आणि तिचं विद्युतक्षेत्र त्यांना पुढेमागे ढकलू लागतं, सेकंदाला साडेसात लाखांच्या आसपास वेळा. शेजारच्या आयनांवरही तेवढाच जोर पडतो, पण ते इलेक्ट्रॉनपेक्षा हजारो पटींनी जड, जेमतेम हलतात. सगळा खेळ इलेक्ट्रॉनांचा. हलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःही लहरी सोडतो. असंख्य इलेक्ट्रॉनांच्या या लहरी मूळ लहरीत मिसळतात, तिची दिशा वळवत नेतात आणि शेवटी तिला खाली धाडतात. पुस्तकं या थराला आरसा म्हणतात; मला तो शब्द फार तोकडा वाटतो. आरशाला पृष्ठभाग असतो. इथे आहे तो मोकळ्या कणांनी लहरीला दिलेला प्रतिसाद.

तीच जागा दुपारी बघा. ऊन तळपतंय, त्यामुळे आणखी खाली, 60 ते 90 किलोमीटरच्या पट्ट्यातही इलेक्ट्रॉन सुटे झालेत. तिथे हवा त्यामानाने दाट. मिरवणुकीच्या गर्दीत लेझीम खेळणाऱ्याला धक्के बसून ताल तुटावा, तसे हे इलेक्ट्रॉन डोलता डोलता रेणूंवर आदळतात. लहरीकडून घेतलेली ऊर्जा परत लहरीत न जाता उष्णतेत जिरते. मिडियम वेव्हची, म्हणजे बोर्नमथच्या त्या लहरीसारख्या लहरींची, आकाशवाट इथेच संपते. सूर्य मावळला की खालचे इलेक्ट्रॉन झपाट्याने पुन्हा रेणूंत सामावतात आणि ती वाट मोकळी होते.

शॉर्ट वेव्हची कंपनं जास्त वेगवान. इलेक्ट्रॉनाला लांब झोका घ्यायला वेळच मिळत नाही, म्हणून ऊर्जा कमी जिरते. लहर खालचा पट्टा ओलांडून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरून परतते. 1952 पासून कोलंबोहून ‘बिनाका गीतमाला’ हा गाण्यांचा रेडिओ कार्यक्रम महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला तो याच वाटेने.

ॲपलटन यांना 1947 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या घरी जुना रेडिओ असेल तर आज रात्री नऊनंतर मिडियम वेव्ह लावा आणि काटा सावकाश फिरवा. दिवसा कधीच न लागणारं दूरचं एखादं केंद्र ऐकू येईल.