मिस्टर हार्डिंगचे दहन : एका साखरबेटाच्या उत्सवाचा इतिहास

मराठी वाचकाला बार्बाडोस ठाऊक असते ते बहुधा क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये प्रथमच मालिका जिंकली. त्या दौऱ्यात ब्रिजटाउनच्या कसोटीत सुनील गावसकरांनी नाबाद ११७ धावा केल्या होत्या. २९ जून २०२४ रोजी त्याच गावातील केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा बेटावर ‘क्रॉप ओव्हर’ या वार्षिक उत्सवाचा मोसम चालू होता. क्रॉप ओव्हर म्हणजे ‘पीक निघाले, हंगाम सरला’. हा उत्सव आठवडेच्या आठवडे चालतो. कॅलिप्सो गायकांच्या स्पर्धा होतात, पहाटेपूर्वी अंगाला चिखल आणि रंग फासून लोक रस्त्यावर उतरतात आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ‘ग्रँड काडूमेंट’ या भव्य मिरवणुकीने सांगता होते. बेटाच्या बोलीत काडूमेंट म्हणजे मोठी धामधूम. या दिवसांत तेथे जाणाऱ्या प्रवाशाला पिसांचे मुकुट, लखलखते पोशाख आणि ध्वनिवर्धकांचा गजर दिसतो-ऐकू येतो. ऊस मात्र फारसा दिसत नाही. ज्या पिकाच्या नावाने उत्सव चालतो ते पीक आक्रसत गेले आणि उत्सव वाढत गेला. हे असे का झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बार्बाडोस हे अवघ्या ४३० चौरस किलोमीटरचे बेट आहे. १६२७ साली इंग्रजांनी येथे वसाहत केली आणि १६४०च्या दशकात उसाची लागवड सुरू झाली. पुढच्या काही दशकांत जवळजवळ सारी जमीन मळ्यांखाली गेली आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पुढे गेली. या माणसांना मालमत्ता ठरवणारी गुलामसंहिता १६६१ साली येथेच तयार झाली आणि इतर इंग्रजी वसाहतींनी तिचा कित्ता गिरवला. १६८८च्या कायद्याने तर गुलामांना ढोल वाजवण्यास, शिंगे फुंकण्यास बंदी घातली. ढोल हे केवळ वाद्य नसून निरोप पोहोचवण्याचे साधन आहे, हे मळेवाल्यांना चांगले कळत होते.

अशा या व्यवस्थेत अठराव्या शतकाच्या अखेरीस हंगामसमाप्तीच्या मेजवान्या होत असल्याचे आढळते. पुढे या प्रथेला ठरावीक रूप आले. शेवटच्या उसाची गाडी फुलांनी आणि रंगीत चिंध्यांनी सजवायची, ती ओढणारी जनावरेही सजवायची आणि मिरवणुकीने मळ्याच्या अंगणात आणायची. मग खाणेपिणे, रम, नाच, तुपकट केलेल्या खांबावर चढण्याची चढाओढ, काठ्यांचे द्वंद्व. मिरवणुकीच्या शेवटी असे ‘मिस्टर हार्डिंग’. जुना काळा कोट, उंच टोपी आणि पोटात उसाचे पाचट भरलेले हे बुजगावणे. हंगाम संपला की मजुरी आटे आणि उपासमारीचे महिने सुरू होत. हार्डिंग हे त्या कठीण दिवसांचे मूर्त रूप होते. त्याचे दहन होई. त्याच्या अंगावरचा कोट आणि टोपी पाहता, जाळले जात होते ते केवळ ‘कठीण दिवस’च होते काय, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक जुना वाद आठवेल. उत्सव सत्तेला आव्हान देतो की तिला बळकटी आणतो? फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात अमेरिकेतील मळ्यांविषयी लिहिताना सांगितले आहे, की मालक गुलामांना नाताळची सुट्टी देतात ती दयेपोटी नव्हे. बंडाची ऊर्मी जिरवण्याचा तो सर्वांत परिणामकारक उपाय आहे. स्वतः गुलामी भोगलेल्या माणसाचे हे मत बाजूला सारता येत नाही. बार्बाडोसमध्येही मेजवानी मालकाची, रम मालकाची आणि दुसऱ्या दिवसापासूनची उपासमारही मालकाच्याच हिशेबातली होती.

परंतु याच बेटाच्या इतिहासात दुसरा पुरावाही आहे. १४ एप्रिल १८१६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, आग्नेयेकडील सेंट फिलिप भागात बुसा या नेत्याच्या नावाने ओळखले जाणारे बंड उसळले. त्याची अखेरची आखणी गुड फ्रायडेच्या रात्री नाचाच्या आडून झाली होती. सणाची मोकळीक मिळाली नसती, तर वेगवेगळ्या मळ्यांवरची माणसे एकत्र जमली नसती. तो ऐन तोडणीचा काळ होता. बंडखोरांनी फड पेटवले आणि बेटावरील सुमारे एक चतुर्थांश ऊस जळाला. बंड काही दिवसांत चिरडले गेले, बुसा लढताना मारला गेला आणि नंतर अनेकांना फाशी देण्यात आली. म्हणजे सण हा मालकाच्या हातचा उपाय होता हे जितके खरे, तितकेच तो मालकाच्या हातून निसटू शकत होता हेही खरे. पुढे हार्डिंगच्या पाचटाला आग लागताना पाहणाऱ्या मळेवाल्यांना १८१६ची आठवण होत असेल की नाही, हे कागदपत्रे सांगत नाहीत. मजुरांच्या घराघरांत मात्र ती स्मृती सहजासहजी पुसली गेली नसावी.

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. ‘उमेदवारी’च्या नावाखाली ती आणखी चार वर्षे रेंगाळली आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी खरी सुटका झाली. भरपाई मिळाली ती मालकांना. साऱ्या साम्राज्यात मिळून दोन कोटी पौंड वाटले गेले आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची बाकी ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडली. मुक्त झालेल्या माणसांच्या हाती काहीच आले नाही. त्रिनिदाद, गयाना येथे मोकळी जमीन होती. मजूर मळे सोडून गेले, त्यांच्या जागी भारतातून गिरमिटिये आणले गेले आणि पुढे त्यांच्यातूनच नायपॉल घडले. बार्बाडोसमध्ये जायला जागाच नव्हती. राहते घर मळ्याच्या जमिनीवर आणि तेथे राहण्याचा हक्क मळ्यावरच्या कामाला बांधलेला. तेथील मजुरांची लाकडी घरे सुटी करून गाडीवर लादता येतील अशी असत, त्याचे कारण हेच. काम गेले की घर उचलायचे. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरही हार्डिंग दरवर्षी परत येत राहिला.

हा उत्सव विसाव्या शतकात मंदावत गेला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जवळजवळ लोपला. त्याच सुमाराच्या बेटाचे चित्र जॉर्ज लॅमिंग यांच्या ‘इन द कॅसल ऑफ माय स्किन’ (१९५३) या कादंबरीत आहे. तिच्यात शाळकरी मुलांना एका म्हातारीकडून गुलामगिरीविषयी कळते आणि शाळेत त्यांना सांगितले जाते, की येथे कोणी कधी गुलाम नव्हतेच, ते दुसरीकडे कुठेतरी घडले. कादंबरीतील हा प्रसंग मला उत्सवाच्या इतिहासातील मधल्या मौनाची गुरुकिल्ली वाटतो. ज्यांच्या शाळेत त्यांचा इतिहास नाकारला जात होता, त्यांच्या अंगणातला हार्डिंगही हळूहळू दिसेनासा झाला.

१९६६ साली बार्बाडोस स्वतंत्र झाले आणि १९७४ साली क्रॉप ओव्हर पुन्हा सुरू झाला. मात्र यात पुढाकार पर्यटन मंडळाचा होता. पर्यटकांची गर्दी हिवाळ्यात असते, उन्हाळ्यातील रिकामी हॉटेले भरायला काहीतरी हवे होते. शुद्धतावादी समीक्षकाने येथेच लेखणी खाली ठेवून ‘बाजारू’ असा शिक्का मारावा, असे हे कारण. पण मालकाच्या रमवर पोसलेल्या उत्सवाचे पूर्वी जे झाले, तेच पर्यटन मंडळाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या उत्सवाचेही झाले. उत्सवाने कॅलिप्सोला व्यासपीठ दिले आणि कॅलिप्सोने यजमानालाच प्रश्न विचारले. १९८२ साली गॅबी या गायकाचे ‘जॅक’ हे गाणे गाजले. समुद्रकिनारा स्थानिकांचा की हॉटेलवाल्यांचा, हाच त्याचा विषय होता.

याच काळात बेटाचे कवी कामाऊ ब्रेथवेट यांनी ‘राष्ट्रभाषा’ ही संकल्पना मांडली. आपल्याकडे हा शब्द वेगळ्याच वादासाठी वापरला जातो. ब्रेथवेटांच्या लेखी ती राजभाषा नव्हे. इंग्रजी शब्दांच्या खाली वाहणारी, आफ्रिकी लयीत बोलणारी मळ्यावरची भाषा म्हणजे राष्ट्रभाषा. इंग्रजी वृत्तांत या बेटांचे वादळ मावत नाही, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मांडताना त्यांनी कॅलिप्सोचाच आधार घेतला. क्रॉप ओव्हरमधील ‘टक बँड’ ऐकला की हा मुद्दा कानांना कळतो. पावा, लहान ताशा आणि मोठा ढोल, सारी मांडणी ब्रिटिश पलटणीच्या बँडची. चाल मात्र कवायतीची राहत नाही, ती नाचाकडे वळते. ज्यांचे ढोल कायद्याने हिरावले होते, त्यांनी मालकाच्याच वाद्यांतून आपली लय परत मिळवली.

१९८५ साली ब्रिजटाउनजवळ तुटलेल्या साखळ्या उंचावणाऱ्या मुक्त गुलामाचा पुतळा उभारला गेला. लोक त्याला बुसाच म्हणतात. १९९८ साली बुसाची गणना अधिकृत राष्ट्रनायकांत झाली, आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी बेट प्रजासत्ताक बनले. मुक्तिदिन १ ऑगस्टला येतो आणि काडूमेंट त्याच सुमारास. त्यामुळे हंगामाचा शेवट आणि गुलामगिरीचा शेवट हे दोन शेवट आता शेजारी-शेजारी येऊन बसले आहेत. उत्सवाच्या नावातील ‘सरले’ या शब्दाला हा दुसरा अर्थ कोणा पंडिताने चिकटवलेला नाही, तो इतिहासक्रमाने आला आहे.

उत्सवाचे मूळ शुद्ध आहे की नाही, यावर आपण फार शाई खर्च करतो. मूळ शुद्ध असलेला उत्सव मला तरी ठाऊक नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : उत्सव कोणाच्या पैशाने सुरू झाला यापेक्षा, त्यात उभे राहून कोणाला काय बोलता येते? ज्या वर्षी क्रॉप ओव्हरच्या मंचावरून किनाऱ्याच्या मालकीविषयी कोणी गाणार नाही, त्या वर्षी पिसांचे मुकुट कितीही उंच असले तरी तो उत्सव सरला असे समजावे.