शब्दवेध : केजन

लुइझियाना राज्यातल्या ब्रो ब्रिज गावात मे महिन्याच्या सुरुवातीला क्रॉफिशचा उत्सव भरतो. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली इवलीशी शेवंड. झणझणीत मसाल्याच्या पाण्यात मक्याची कणसं आणि बटाट्यांबरोबर ती उकडतात, शेजारी फिडल आणि अकॉर्डियनवर जोडपी नाचतात. जेवण आणि गाणं, दोन्हींना विशेषण एकच : केजन.

या विशेषणात एक हद्दपारी दडली आहे. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया परिसरात ‘अकादी’ नावाची फ्रेंच वसाहत होती. १७५५पासून इंग्रजांनी तिथल्या हजारो लोकांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. त्यांतले बरेच जण पुढे लुइझियानाच्या पाणथळ मुलखात स्थिरावले. अकादीचे लोक म्हणजे ‘अकादियँ’; त्यातला आरंभीचा ‘अ’ बोलताना गळाला, ‘द्य’चा ‘ज’ झाला, आणि इंग्रजीत ‘केजन’ रुजला. मराठी कानाला ही वाट ओळखीची आहे. ‘अद्य’चं ‘आज’ आणि ‘विद्युत्’ची ‘वीज’ अशीच झाली.

केजन ताटातल्या गम्बोचं नावही दूरचंच. रस्सा लुइझियानाचा, पण नाव आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या तोंडून आलेलं. भेंडीने रस्सा दाटतो, हे ज्ञानही त्यांचंच.

पुढे लुइझियानाच्या १९२१च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीची सक्ती केली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत आणि ‘केजन’ म्हणून हिणवलंही जाई. हा अन्यायच होता. १९६८ साली त्याच राज्याने फ्रेंच जपण्यासाठी सरकारी परिषद स्थापन केली.