चंचल मूल, औषध आणि वर्धा शिक्षण परिषद : १९३७ या वर्षाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे येथील पालकास मुलाच्या अतिचंचलतेविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावयाचा झाल्यास फार दूर जावे लागत नाही. सेवाग्राम येथे १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, तर सावंगी मेघे येथे १९९० पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे. तथापि अशा मुलाची पहिली परीक्षा दवाखान्यात नव्हे, वर्गात होते. जागेवर न बसणारे, काम अर्धवट टाकणारे, मध्येच बोलणारे मूल तेथे ‘द्वाड’ ठरते आणि बहुधा शिक्षेस पात्र होते. अशा मुलाशी निगडित दोन भिन्न विचार १९३७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जगापुढे आले. त्यांपैकी एक वर्ध्यातच मांडला गेला. प्रस्तुत लेखात ऐतिहासिक पद्धतीने या दोहोंचा परामर्श घेतला आहे.

निदानाची पूर्वपीठिका

अवधानाच्या विकाराचे वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच केले होते. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडन येथील व्याख्यानांत बुद्धी शाबूत असूनही स्वतःवर ताबा ठेवू न शकणाऱ्या मुलांची नोंद केली. मात्र या अवस्थेस त्यांनी ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ मानले. विकाराला स्वभावदोष समजण्याची ही दृष्टी आजही अनेक शाळांतून पूर्णपणे गेलेली नाही.

१९३७ : दोन विचार

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली यांनी ५ ते १४ वर्षे वयाच्या ३० मुलांना एक आठवडा बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात लक्षणीय सुधारणा दिसली. उत्तेजक औषधाने मूल शांत व्हावे, हे अनपेक्षित होते. हा निबंध नोव्हेंबर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वी २२ व २३ ऑक्टोबर रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने ७ ते १४ वयोगटासाठी अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शालेय दिवसातील ३ तास २० मिनिटे तिने मूलोद्योगास दिली, तर मातृभाषेस ४० मिनिटे. नई तालीम ही विकारावरील उपचारपद्धती नव्हती. तिचा हेतू सर्व मुलांच्या स्वावलंबी शिक्षणाचा होता. परंतु मुलाने तासन्‌तास निश्चल बसून ऐकावे, हे गृहीतकच तिने नाकारले. ब्रॅडली यांनी मुलात बदल घडविला, वर्ध्याने वेळापत्रकात.

उत्तरकाळ

दोन्ही विचार दीर्घकाळ बाजूस पडले. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये तयार झाले व १९५४ पासून बाजारात आले; तरी अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात बालपणातील अतिचंचलतेस १९६८ मध्ये स्थान मिळाले. अवधानाच्या अभावास १९८० मध्ये प्राधान्य आले आणि एडीएचडी हे नाव १९८७ मध्ये रूढ झाले. इकडे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनंतर मूलोद्योगाची जागा कार्यानुभवाने घेतली आणि पुढे तो बहुतेक शाळांत गुणपत्रिकेतील एका रकान्यापुरता उरला.

वर्तमान निदान व उपचार

या विकारासाठी रक्ततपासणी वा मेंदूचे छायाचित्र निर्णायक ठरत नाही. २०१३ च्या अमेरिकी निकषांनुसार मुलांमध्ये अवधान-अभावाची अथवा अतिचंचलतेची ९ पैकी किमान ६ लक्षणे ६ महिने टिकून असावी लागतात. काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. दृष्टी, श्रवण, झोप व अध्ययन-अक्षमता यांचीही तपासणी आवश्यक असते. म्हणजेच शिक्षकाची साक्ष हा निदानाचा आधार आहे. आवडीच्या कामात मूल रमते, एवढ्यावरून विकार नाही असे शिक्षकाने मानणे चुकीचे होय.

लहान वयात पालक-प्रशिक्षण व वर्तनोपचार प्रथम, त्यानंतर गरजेनुसार औषध, असा क्रम मान्यता पावला आहे. मिथाइलफेनिडेट भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे तज्ज्ञांची देखरेख, तसेच भूक, झोप व वाढ यांची नोंद अपरिहार्य ठरते.

२०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने तपासणीच्या यादीत या विकाराचा समावेश केला. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा स्वतंत्र उल्लेख नाही.

निष्कर्ष

१. चंचलतेस नैतिक दोष मानून शिक्षा करणे शास्त्राला धरून नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे.

२. गरजू मुलास उपचार नाकारणे आणि नीरस अध्यापनाने अस्वस्थ झालेल्या मुलास रुग्ण ठरविणे, हे दोन्ही अन्यायच होत.

३. औषध शाळेची उणीव भरून काढीत नाही आणि उद्योग औषधाची जागा घेत नाही. सिंदी मेघे परिसरास वैद्यक व नई तालीम या दोन्ही परंपरा हाकेच्या अंतरावर लाभल्या आहेत. अध्यापक-शिक्षणात त्यांची सांगड घातल्यास मुलाला दवाखान्यात पाठविण्यापूर्वी, आणि पाठविल्यानंतरही, वर्गाचे वेळापत्रक तपासण्याची सवय शिक्षकांना लागेल.