कूतचा वेढा आणि आपल्या पलटणी

इथे कुवेतमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना बसरा ठाऊक असते ते तेलामुळे, नाहीतर १९९० नंतरच्या युद्धांमुळे. पण मराठी माणूस तिथे १९१४ च्या नोव्हेंबरातच पोचला होता. त्याच्या खिशात व्हिसा नव्हता, खांद्यावर बंदूक होती. त्या माणसाची हकीकत आपल्या मुलांना कोणत्याही शाळेत शिकवली जाणार नाही, म्हणून ती आज इथे सांगण्याचे योजले आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने तुर्कांविरुद्ध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवलेली मुख्य फौज होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. बेळगावच्या आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या पूर्वज. शिपाई बव्हंशी सातारा-रत्नागिरीकडचे, कोरडवाहू शेतीवर पोट न भरणाऱ्या घरांतले.

जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाला. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोनला, बगदादपासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर, मोठी लढाई झाली. साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली आणि फौज माघारी वळली. ३ डिसेंबरला ती कूत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावी थांबली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला, तो जवळजवळ पाच महिने टिकला.

शत्रूच्या गोळ्यांपेक्षा भुकेनेच तिथे जास्त छळले. आपल्याकडे धान्य फार थोडे आहे असे टाउनशेंडने सुरुवातीला कळवले. त्यामुळे सुटकेसाठी आलेली फौज पुरती जमण्याआधीच घाईने लढाईत लोटली गेली. पुढे गावातल्या घरांची झडती घेतल्यावर पुष्कळ धान्य सापडले! पण एकामागून एक हल्ले फसले आणि कूतमधल्या माणसांना सोडवताना बाहेरची तेवीस हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली.

इकडे शिधा दर आठवड्याला कमी होत होता. जव दळायला जाती नव्हती, म्हणून जात्याचे दगड विमानातून टाकले गेले. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही टाकली, त्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती गेली. घोडे-खेचरे कापायची वेळ आली, तेव्हा इंग्रज सोजिरांनी ते मांस खाल्ले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी नाकारले. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची परवानगी मागवली, ती आलीही. तरी पुष्कळजण महिनोन्‌महिने बधले नाहीत. रानपाला उकडून खाल्ला, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, पहाऱ्यावर उभे राहवेना.

याला अडाणी हट्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि अनेक इंग्रज लेखक तसे झालेही. मला ते पटत नाही. शिपायाच्या मनात धर्माइतकेच गाव होते. परत गेल्यावर पंगतीत कोणी घेईल का, मुलीचे लग्न जमेल का, ही भीती खोटी नव्हती. जनरलसाहेबाचा हुकूम कूतमध्ये चालत होता, पण गावच्या पंगतीत त्याला कोण विचारणार? एप्रिलमध्ये शेवटी हजारो जणांनी ते मांस खाल्ले, तेव्हा त्यांनी किती मोठी गोष्ट पणाला लावली असेल, याचा विचार आपण तरी करावा.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण आले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. टाउनशेंडला कॉन्स्टंटिनोपलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवले. शिपायांना सामर्ऱ्यापासून मोसूलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत वाळवंटातून चालवत नेले आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. उपासमार, हगवण आणि मारहाण यांनी कित्येक हजार वाटेत वा छावण्यांत मेले.

त्यांचे स्मरण कसे झाले? बसऱ्याच्या युद्धस्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीपुढे नुसती संख्या! युद्धस्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ कमिशननेच २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. कूतच्या कैदेतून परतलेले बंगाली शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक १९५७ साली निघाले. आपले शिपाई बहुतेक निरक्षर, त्यांची हकीकत त्यांच्याबरोबरच गेली.

पण सगळीच गेली असे नाही. वाचकहो, पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक जरूर उघडा. आजोबा-पणजोबांचे पलटणीतले एखादे पदक सापडले, तर त्याची कड नीट पुसून पाहा. त्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. स्मारकाने जे नाव लिहिले नाही, ते कदाचित तुमच्याच घरात असेल. ते वाचा, आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.